सोलापुरात घरी नोड चालवायचा तर: वीज, डिस्क आणि चिकाटी

‘नोड चालवतोय’ म्हटलं की सोलापुरात पुढचा प्रश्न ठरलेला: "किती मिळतंय बे महिन्याला?" बिटकॉइनच्या नोडबद्दल विचारत असाल तर उत्तर शून्य. उलट वीजबिल तुमचं, इंटरनेट तुमचं, डिस्क तुमची, आणि रात्री काही अडलं तर जागरणही तुमचंच. कमाईच्या आशेने आलेल्यांनी मधलं सगळं सोडून शेवटचे दोन भाग वाचावेत, बरेच पैसे वाचतील. बाकीचं लिखाण आहे ते ज्यांना लिनक्स थोडंफार येतं किंवा शिकायची तयारी आहे, घरी फायबरचं कनेक्शन आहे आणि विकेंद्रित जाळं कसं चालतं हे स्वतः करून बघायचं आहे त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. खाली सेटिंगची आणि प्रोग्रामची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. मशीनवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

नोड नेमकं काय करतो

भिशीच्या हिशेबाची वही एकाच्याच घरी असली की बाकीच्यांची सगळी भिस्त त्याच्यावर. बिटकॉइनसारख्या जाळ्यात प्रत्येक सभासद पूर्ण वही बाळगतो, आणि नवीन पान आलं की ते पहिल्या पानापासूनच्या नोंदींशी स्वतः ताडून बघतो. जुळलं तर ठेवतो आणि पुढच्याला देतो, नाही जुळलं तर फेकून देतो. पान आणणारा कितीही बडा असला तरी त्याची भीड ठेवली जात नाही. हे ताडून बघणारं मशीन म्हणजे नोड.

मायनर वेगळा. मायनरांपैकी कुणीतरी साधारण दर १० मिनिटांनी नवा ब्लॉक, म्हणजे वहीचं नवं पान, पुढे करतो आणि त्याचं बक्षीस घेतो. तो ब्लॉक नियमात बसतो का हे नोड ठरवतो: सही बरोबर आहे का, तेच नाणं दोनदा खर्च झालंय का, मायनरने ठरल्यापेक्षा जास्त बक्षीस स्वतःच्या नावावर लावून घेतलंय का. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन नवे निघतात. कुणी त्या जागी ४ लिहिले तर जगातला प्रत्येक प्रामाणिक नोड तो ब्लॉक नाकारेल, मायनरची वीज वाया जाईल.

नियम मोडला तर काय होतं याचा दाखला जुना आहे. १५ ऑगस्ट २०१० ला ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे १८,४०० कोटींहून जास्त बिटकॉइन तयार झाले. एकूण मर्यादा किती, तर २ कोटी १० लाख! काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली, नोडवाल्यांनी ती चढवली, आणि तो ब्लॉक वगळून ब्लॉकांची साखळी पुढे गेली. दुरुस्ती लिहिणारे मोजके होते, पण ती आपापल्या मशीनवर चालवायचं ज्यांनी ठरवलं त्यांच्यामुळे ती लागू झाली.

दुसरा दाखला उलट बाजूचा. इथेरियम हे बिटकॉइनसारखंच दुसरं जाळं, त्याचं नाणं इथर. त्यात बरीच ॲप्स आणि एक्स्चेंज (नाणी खरेदी-विक्रीच्या कंपन्या) स्वतःचा नोड न चालवता इन्फ्युरा या कंपनीच्या नोडवर अवलंबून असतात. ११ नोव्हेंबर २०२० ला इन्फ्युराचे नोड जुन्या आवृत्तीमुळे मूळ साखळीपासून फुटून बाजूला पडले. जाळं चालूच होतं, पण अनेकांची वॉलेट्स अडकली आणि काही एक्स्चेंजना इथर काढून देणं थांबवावं लागलं. आपल्या फोनमधलं साधं वॉलेटही कुणाच्या तरी नोडला विचारूनच शिल्लक दाखवतं. त्या नोडवाल्याला तुमच्या नाण्यांचे पत्ते कळतात, आणि तो सांगेल ते तुम्ही खरं मानता. स्वतःचा नोड हवा तो मुख्यतः यासाठी.

कोणता नोड घ्यावा

नवख्याने बिटकॉइनचा ‘प्रून’ केलेला नोड घ्यावा, हे माझं मत. कारणं सांगतो.

पूर्ण नोड ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनचा सगळा इतिहास डिस्कवर ठेवतो. हा इतिहास ६०० जीबीच्या पुढे कधीच गेला आहे आणि वर्षाला साधारण ८०-९० जीबीने वाढतो. त्यामुळे १ टीबीची डिस्क घेतली तर ती थोड्याच वर्षांत बदलावी लागेल. पूर्णच ठेवायचा असेल तर सरळ २ टीबीची एसएसडी घ्या.

प्रून केलेला नोड सगळा इतिहास उतरवतो, तपासतो आणि जुने ब्लॉक पुसत जातो. तपासणीत तो तसूभरही कमी नाही. फक्त नव्याने येणाऱ्या नोडला जुने ब्लॉक देऊ शकत नाही, अलीकडचे तेवढे देतो. प्रून सेटिंगचा सगळ्यात लहान आकडा ५५० आहे, म्हणजे ब्लॉकसाठी ५५० एमबी. पण त्याखेरीज कुणाकडे किती नाणी शिल्लक आहेत याचा ताळेबंद असतो, त्यालाच १० जीबीच्या वर जागा लागते. १०० जीबी मोकळी असली तर निवांत.

इथे नवखे नेहमी फसतात: प्रून म्हणजे डाउनलोड कमी, असं त्यांना वाटतं. डाउनलोड तेवढंच होतं. जागा वाचते, डेटा वाचत नाही.

इथेरियमचा नोड नंतर. त्याला दोन प्रोग्राम एकत्र चालवावे लागतात, १६ जीबी किंवा जास्त रॅम आणि २ टीबीची वेगवान एनव्हीएमई डिस्क लागते. पहिल्याच झटक्यात तिथे उडी मारणारे महिनाभरात मशीन विकायला काढतात.

आधी घर बघा, मग मशीन

नोडला प्रोसेसर फारसा लागत नाही. पहिली जोडणी, म्हणजे सगळा इतिहास एकदा उतरवून तपासणं, संपली की बराच वेळ तो रिकामाच बसून असतो. सोलापुरात नोड मरतो तो वीज, ऊन आणि धुळीने, म्हणून यावर जास्त लिहितो.

ताळेबंद ज्या डेटाबेसमध्ये असतो तो सतत लिहिला जात असतो. लिहिताना वीज गेली तर एकेकदा तो बिघडतो, आणि नोड उठताना ‘पुन्हा बांधणी करा’ म्हणतो. पूर्ण नोड असेल तर घरातल्याच ब्लॉकवरून ही बांधणी होते, एखादा दिवस जातो. प्रून केलेला असेल तर जुने ब्लॉक जवळ नाहीत, सगळा इतिहास पुन्हा उतरवायचा. प्रूनची ही खरी किंमत. एप्रिल-मे महिन्यात महावितरणचा पुरवठा दुपारी दोन-तीनदा झपझप जाऊन येत असेल तर ही किंमत मोजायची वेळ नक्की येणार.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर अवलंबून राहण्याआधी त्याचं मागचं बटण बघा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर दोन पद्धती असतात, साधी आणि यूपीएस. साध्या पद्धतीत वीज गेल्यावर बॅटरीवर यायला इतका वेळ लागतो की पंख्याला कळत नाही, पण संगणक बंद होतो. यूपीएस पद्धतीत हा बदल झटकन होतो. मात्र यूपीएस पद्धतीला व्होल्टेज आटोक्यात लागतं. यंत्रमागाच्या वस्तीत, जिथे सकाळी मागांच्या मोटरी एकदम चालू होतात आणि दिवे क्षणभर मंदावतात, तिथे इन्व्हर्टर दिवसभर बॅटरीवर ये-जा करत राहील. अशा घरात नोडसाठी वेगळा छोटा यूपीएस घ्या. यूएसबी जोडणीचा मिळाला तर उत्तम. लिनक्सवर ‘नट’ नावाचा मोफत प्रोग्राम बॅटरी संपत आली की मशीन शिस्तीत बंद करतो.

राउटर आणि फायबरचा डबाही बॅकअपवर हवा. नोड जागा आणि राउटर झोपलेला असेल तर काही बिघडत नाही, पण नोड मागे पडतो. गल्लीतल्या केबलवाल्याच्या स्विचला बॅकअप नसेल तर तुमचा राउटर चालू असून नेट जाईल. ते तुमच्या हातात नाही. नोड तासभर मागे पडला तर नेट आल्यावर आपोआप पुढच्या काही मिनिटांत बरोबरीला येतो. घाबरायचं कारण नाही.

अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक पडते, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि मशीनच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. खड्ड्यात पाणी घालावं लागतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे सांगताना मलाही संकोच वाटतो, पण धुण्याचं पाणीही चालतं.

जागा निवडताना पत्र्याखालची खोली आणि माळा दोन्ही टाळा. बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याखाली किती होतं ते पूर्व भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ८० अंशांना पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, साध्या एसएसडीची मर्यादाही ७० अंशांच्या आसपास असते. तळमजल्यावरची, उत्तरेकडची, हवा खेळती असलेली खोली चांगली. पण त्याच तळमजल्यावर माग असतील तर सुताचं तूस पंख्यात जाऊन बसतं आणि दोन-तीन महिन्यांत पंखा गच्च होतो. अशा घरात बिनपंख्याचं मशीन घ्या, नाहीतर महिन्यातून एकदा ब्लोअर मारायची सवय लावा. ओल्या फडक्याने पुसू नका.

विजेचा हिशेब सोपा आहे. १५ वॅटचं छोटं मशीन दिवसाला ०.३६ युनिट खातं, महिन्याला ११ युनिटच्या आसपास. ८० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप महिन्याला ५८ युनिटच्या घरात जातो. घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग पुढे. नोडची युनिटं तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात जाऊन पडतात. म्हणून फुकट मिळालेला डेस्कटॉप दोन वर्षांत छोट्या मशीनपेक्षा महाग पडू शकतो. युनिटला १० रुपये धरून स्वतःच गणित करा.

मशीन

सुरुवातीला माझी पसंती जुन्या लॅपटॉपला. ८ जीबी रॅम, एसएसडी बसवलेली, आणि बॅटरी अर्धा-पाऊण तास तरी टिकणारी. बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. एवढ्या एका कारणासाठी तो रास्पबेरी पायपेक्षा सरस ठरतो. दोन काळज्या घ्या. बॅटरी कायम १०० टक्क्यांवर राहू देऊ नका. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाचं मूळ सेटिंग) किंवा कंपनीच्या सेटिंगमध्ये ६०-८० टक्क्यांची मर्यादा मिळते. आणि महिन्यातून एकदा खालची बाजू बोटाने चाचपून बघा. टचपॅड वर आलेला दिसला किंवा बूड फुगलेलं लागलं तर बॅटरी त्याच दिवशी काढा. उन्हाळ्यात हा प्रकार हसण्यावारी न्यायचा नाही.

कार्यालयांतून निघालेले छोटे डबा-संगणक रिफर्बिश्ड म्हणून मिळतात, तेही चांगले. घेतल्यावर आतला नाण्याएवढा गोल सेल आधी बदला, २०३२ नंबरचा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तो मेलेला असला की वीज गेल्यावर मशीनचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. बिटकॉइनचा नियम असा की आपल्या घड्याळापेक्षा २ तासांहून जास्त पुढची वेळ असलेला ब्लॉक स्वीकारायचा नाही. घड्याळ मागे पडलं की नोडला आजचा प्रत्येक ब्लॉक भविष्यातला वाटतो आणि तो सगळे नाकारत बसतो. नेटवरून वेळ जुळली की हे सुटतं. पण नेट उशिरा आलं तर तोवर माणूस भलतीकडेच दोष शोधत राहतो.

बायोसमध्ये आणखी एक सेटिंग: वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं. ते लावून ठेवा, नाहीतर तुम्ही पुण्याला आणि नोड बंद.

डिस्कवर पैसे वाचवू नका. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर पहिली जोडणी आठवडे घेते. त्याहून वाईट म्हणजे बनावट डिस्क. २ टीबी लिहिलेली, अविश्वसनीय स्वस्त यूएसबी डिस्क प्रत्यक्षात ६४ जीबीची निघते, आणि हे तुम्हाला कळतं ६५ व्या जीबीला. नवी डिस्क आणल्या दिवशीच लिनक्सवरच्या ‘एफ३’ या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. दुकानदाराकडे परत करायची मुदत त्यातच निघून जाऊ देऊ नका.

इंटरनेट

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे होणार नाही. फायबर हवं. ‘अमर्यादित’ लिहिलेल्या बऱ्याच प्लॅनला महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते. ती नोडला पुरून उरते. पण स्थानिक केबलवाल्याचा प्लॅन असेल तर त्याची मर्यादा विचारून घ्या. पहिली जोडणी ६०० जीबीहून जास्त खाते, घरात त्याच महिन्यात कुणाचे ऑनलाइन क्लास असतील तर भांडण होईल.

आपला नोड स्वतःहून बाहेर साधारण १० जोडण्या करतो. तेवढ्यावर तपासणी व्यवस्थित चालते. बाहेरच्यांनी आपल्याकडे यावं असं वाटत असेल तर राउटरवर ८३३३ हा पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडावा लागतो. इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून नेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता (आयपी) देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल तर तुम्ही अशाच गटात आहात, पोर्ट उघडून काही होणार नाही. मग कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्या, नाहीतर ‘टॉर’ बसवा, ते आपला नेटवरचा पत्ता झाकून जोडणी करणारं मोफत जाळं आहे. टॉरमधून बाहेरचे नोड तुमच्यापर्यंत येऊ शकतात, स्थिर पत्ता लागत नाही, आणि घरचा नेटवरचा पत्ता झाकलेलाही राहतो. मी टॉरच सुचवेन.

बाहेरच्यांना दार उघडलं की अपलोड वाढतं. पूर्ण नोड महिन्याला २०० जीबी किंवा त्याहून जास्त सहज वाटतो. ‘मॅक्स अपलोड टार्गेट’ या सेटिंगने रोजची मर्यादा घालता येते.

८३३२ हा पोर्ट मात्र चुकूनही बाहेर उघडू नका. तो नोडला हुकूम देण्याचा पोर्ट आहे. दोन्ही आकडे शेजारीशेजारी असल्यामुळे घोळ होतो.

बसवणं

डेबियन किंवा उबुंटू टाका. विंडोजवरही चालतं, पण तिथे अपडेटसाठी मशीन मध्यरात्री आपोआप बंद-चालू होतं, आणि अँटिव्हायरस ब्लॉकच्या फाइलींवर संशय घेऊन त्या उचलून नेतो.

नोडचा प्रोग्राम म्हणजे बिटकॉइन कोअर. तो त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, ‘बिटकॉइनकोअर डॉट ऑर्ग’. शोधात वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका, टेलिग्रामवर कुणी पाठवलेली फाइल घेऊ नका. सोबत दोन छोट्या फाइली मिळतात, एकीत सगळ्या फाइलींचे हॅश (फाइलच्या बोटांचे ठसेच म्हणा) आणि दुसरीत त्यावर अनेक विकसकांच्या सह्या. आधी आपल्या फाइलचा हॅश जुळवा, मग जीपीजी या सह्या पडताळणाऱ्या प्रोग्रामने सह्या तपासा. हे करायला पाऊण तास लागतो आणि बरेच लोक कंटाळून सोडून देतात. ‘स्वतः तपासा’ म्हणून नोड बसवायचा आणि नोडच न तपासता घ्यायचा, याला अर्थ नाही.

पहिल्यांदा ‘सिग्नेट’ या सरावाच्या जाळ्यावर चालवा. ते मुख्य साखळीपेक्षा खूप लहान आहे, तिथल्या नाण्यांना काही किंमत नाही. सुरू करणं, थांबवणं, लॉग वाचणं, मुद्दाम वायर काढून बघणं, सगळं तिथे करून घ्या.

मग मुख्य जाळं. सेटिंगच्या फाइलमध्ये सुरुवातीला तीनच गोष्टी पुरतात: प्रूनचा आकडा, डेटा ठेवायचा फोल्डर, आणि ‘डीबी कॅश’. शेवटचा आकडा म्हणजे ताळेबंदासाठी किती मेमरी वापरायची ते, एमबीमध्ये. तो मुळात लहान असतो. ८ जीबी रॅम असेल तर पहिल्या जोडणीपुरता ४,००० करा, वेग चांगलाच वाढतो. त्यात जोखीम एवढीच की बरंच काम मेमरीत साठून उशिरा डिस्कवर उतरतं, मध्येच वीज गेली तर तेवढं पुन्हा करावं लागतं. जोडणी संपली की आकडा परत खाली आणा.

नोड सिस्टिमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप चालू-बंद करणारी व्यवस्था) सेवा म्हणून बसवा, म्हणजे मशीनसोबत आपोआप उठेल. त्यात थांबण्याची मुदत १० मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद ठेवा. नोडला बंद हो म्हटलं की मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायला वेळ लागतो. मुदत कमी असली तर लिनक्स त्याला मध्येच मारून टाकतं, आणि मग वीज गेल्यासारखीच गत. नेटची वायर लावा, वायफायवर ठेवू नका.

पहिली जोडणी

चांगल्या एसएसडीवर एक ते तीन दिवस, रास्पबेरी पायवर त्याहून बरेच जास्त. सुरुवातीची वर्षं भराभर जातात, कारण तेव्हाचे ब्लॉक जवळजवळ रिकामे होते. पुढे ब्लॉक भरलेले, तिथे काटा हळू सरकतो. काही अडकलं असं समजून मशीन बंद-चालू करू नका. लॉगमध्ये नव्या ओळी येत असतील तर काम चालू आहे.

बारकाईने बघणाऱ्यांना एक प्रश्न पडेल. प्रत्येक आवृत्तीत एक ठराविक ब्लॉक लिहून ठेवलेला असतो, त्याच्या आधीच्या व्यवहारांच्या सह्या नोड वेळ वाचवण्यासाठी तपासत नाही. रकमा आणि दुहेरी खर्च मात्र तपासतो. हेही नको असेल तर ‘अझ्यूम व्हॅलिड’ पुढे ० लिहा आणि जास्त दिवस थांबायची तयारी ठेवा. पहिल्यांदा हे करू नये असं मी म्हणेन.

जोडणी पूर्ण झाली का, ते ‘गेट ब्लॉकचेन इन्फो’ या हुकुमाने कळतं. ‘इनिशियल ब्लॉक डाउनलोड’ पुढे फॉल्स दिसलं आणि ब्लॉकचा आकडा एखाद्या सार्वजनिक संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळला की झालं.

रोजची निगा

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं: ब्लॉकचा आकडा, जोडण्या किती, डिस्क किती भरली, तापमान. महिन्यातून एकदा ‘स्मार्ट सीटीएल’ने डिस्कची तब्येत. एवढंच.

आवृत्ती मात्र डोळसपणे बदला. बिटकॉइन कोअरची मोठी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि ती आपोआप चढत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलं आहे: नियम कोणते पाळायचे हे नोडवाल्याने ठरवायचं, लिहिणाऱ्याने त्याच्या घरात घुसून बदलायचे नाहीत. पण याचा अर्थ चार वर्षं जुनं चालवत बसावं असा नाही. मार्च २०१३ मध्ये ०.७ आणि ०.८ या दोन आवृत्त्यांनी एकाच ब्लॉकबद्दल वेगळा निर्णय दिला आणि साखळी काही तास दुभंगली. बदल काय आहेत ते वाचा, आठ-पंधरा दिवस थांबा, मग चढवा.

घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मशीन शिस्तीत बंद कसं करायचं ते दाखवून ठेवा. ‘हे काय सारखं चालू असतंय’ म्हणून आईने बटण दाबलं तर दोष तिचा नाही.

वॉलेट जोडायचं असेल तर ‘स्पॅरो’सारखं डेस्कटॉप वॉलेट थेट नोडला जोडता येतं. प्रून केलेल्या नोडवर एक अडचण: जुन्या पत्त्यांचा मागचा इतिहास शोधता येत नाही, कारण ते ब्लॉक पुसलेले असतात. नवीन वॉलेट असेल तर प्रश्नच नाही. आणि वॉलेटचे १२ किंवा २४ शब्द नोडच्या मशीनवर कधीही टाइप करायचे नाहीत. नोडला त्यांची गरज नसते. मागणारा प्रोग्राम चोर समजा.

इथेरियमचा व्हॅलिडेटर: इथे पैसे मिळतात, पण

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंग सोडलं. आता ३२ इथर अडकवून व्हॅलिडेटर, म्हणजे मायनरच्या जागी ब्लॉकवर सही करणारा, चालवता येतो आणि त्याला बक्षीस मिळतं. ३२ इथरची आजची किंमत बघा, सोलापुरात त्यात फ्लॅटचा विचार होतो. इथर न अडकवता नुसता नोडही चालवता येतो, त्याला बक्षीस नाही.

वीज जाणाऱ्या गावात लोकांना वाटतं, व्हॅलिडेटर बंद पडला की पैसे बुडाले. तसं होत नाही. बंद असताना साधारण जेवढं मिळालं असतं तेवढंच कापलं जातं. चार तास वीज गेली तर पुढच्या चार-पाच तासांत भरून निघतं. खरी शिक्षा आहे ती सही करायची एकच गुप्त किल्ली दोन मशीनवर चालवण्याची. वीज जाते म्हणून पुण्यातल्या भावाच्या घरी त्याच किल्लीचं दुसरं मशीन तयार ठेवायचं, ही सुचायला अगदी सोपी आणि सगळ्यात महागडी युक्ती. दोन्ही एकदम जागी झाली की एकाच वेळी दोन परस्परविरोधी सह्या जातात, जाळं ती फसवणूक समजतं, अडकवलेल्या इथरमधून रक्कम कापतं आणि व्हॅलिडेटरला बाहेर काढतं. बंद राहिलेलं परवडतं, दोनदा चाललेलं परवडत नाही.

२०२५ मध्ये सुरू झालेलं ‘हूडी’ हे सरावाचं जाळं याचसाठी आहे. उन्हाळा आणि पावसाळा तिथे काढा, मग खऱ्या पैशाचं बघा.

‘नोड विकत घ्या’ म्हणणारे

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या योजनांमध्ये नोड हा शब्द आता सर्रास दिसतो: अमुक लाखात नोड, रोज ठराविक परतावा, खाली दोन माणसं जोडली की आणखी. कुणी ओळखीचा किंवा नात्यातला समोर बसून सांगत असेल तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून चार प्रश्न तयार ठेवा. मशीन माझ्या घरी असणार का? सॉफ्टवेअरचा कोड कुठे उघडा आहे? मी कुणालाही न विचारता ते उतरवून चालवू शकतो का? परतावा नवीन लोकांच्या पैशांतून येतो की जाळ्याच्या उघड नियमांतून? खऱ्या नोडला प्रवेश फी नसते, सॉफ्टवेअर फुकट असतं आणि खाली माणसं जोडावी लागत नाहीत. पुणे पोलिसांनी तपास केलेलं गेनबिटकॉइन प्रकरण अनेकांना आठवत असेल. तिथे मायनिंगच्या नावाखाली १८ महिने दरमहा १० टक्के देण्याचं आमिष होतं. २०१८ मध्ये त्यात अटका झाल्या. शब्द बदलले, मांडणी तीच आहे.

कराचं थोडक्यात. नुसत्या बिटकॉइन नोडला काही मिळत नाही, त्यामुळे दाखवायलाही काही नाही. व्हॅलिडेटरचं बक्षीस मिळालं तर प्रत्येक रकमेची तारीख आणि त्या दिवसाची रुपयांतली किंमत वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहीत जा. आभासी मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, वर अधिभार आणि उपकर, आणि एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वजा करता येत नाही. व्यवहारावर १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून कापला जातो. मशीन, वीज, इंटरनेट यांचा खर्चही या नफ्यातून वजा होत नाही, खरेदीची किंमत तेवढी होते. रिटर्न भरायच्या आदल्या रात्री सीएंकडे जाऊ नका. या व्यवहारांच्या नोंदी जुळवायला त्यांना वेळ लागतो, आणि बऱ्याच जणांना पहिल्यांदा तुम्हालाच समजावून सांगावं लागेल.